न पाठवलेली गाठ

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हाताखाली एका बाईंच्या काखेतलं गळू होतं. चीर देऊन झाली होती, पू वाहत होता. सिस्टरनं फोन माझ्या कानाशी धरला. विनूची बायको, नलूवहिनी, एवढंच म्हणाल्या, "गेले हो भाऊजी." मी जखम धुतली, गॉजची वात भरली, पट्टी केली, बाईंना परवा ड्रेसिंगला यायला सांगितलं. मग हात धुवायला गेलो आणि नळ बंद करायचं सुचेचना...

आम्ही दोघं एकाच वर्गातले सर्जन. मी अमरावतीत, तो अकोल्यात, जठारपेठेतल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. मोठी ऑपरेशनं त्यानं कधीच सोडली होती. गळवं, चामखिळी, चरबीच्या गाठी, बस. गाठ तो पिशवीसकट आख्खी काढायचा, पेशंटला दाखवायचा आणि तपासणीच्या बाटलीत घालायचा, मग ती शेंगदाण्याएवढी का असेना. "कायले पाठवता साहेब, साधीच हाय ना?" असं कोणी म्हटलं की खवळायचा. "साधी हाय हे तुमी ठरवनार, का मी? तपासनाऱ्याले ठरवू द्या!" त्याला एक खोडही होती. भेटला की पाठीवर थाप मारायचा आणि बोटं तिथंच रेंगाळायची, मानेवर, खांद्यावर, काहीतरी शोधत. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं माझ्या साडूच्या पाठीतली गाठ अशीच हुडकली होती. सगळे हसले. मला मात्र त्या बोटांची जरा भीतीच वाटायची, खरं सांगतो.

त्याच्या स्वतःच्या पाठीत, खांद्याच्या पात्याखाली गाठ आली तेव्हा तो माझ्याकडे आला. जागा बधिर करून मी चीर दिली, तरी पालथा पडून तो एकसारखा बडबडत होता. चरबीच्या गाठीला असते ती पिशवी मला काही सापडेना. भुसभुशीत असं काहीतरी तुकड्यातुकड्यानं निघत राहिलं. मी बाटली मागवली.

"राहू दे ना दिल्या," तो म्हणाला. "चरबीचीच हाय. मले दाखवू नको, न् पाठवू बी नको."

आयुष्यभर दुसऱ्यांवर खवळणारा हा माणूस घाबरला होता. ते मला कळलं होतं, आणि कळूनही मी ट्रे बादलीत रिकामा केला. मित्राची भीड पडली, दुसरं काय!

वर्षभरानं त्याच टाक्यांखाली गाठ परत आली. ती चरबीची नव्हती.

मग मी दर रविवारी अकोल्याला जायचो, आणि आज हा 'माझं कायले ऐकलं?' असं विचारेल म्हणून जीव मुठीत धरून बसायचो. त्यानं एकदाही विचारलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटच्या रविवारी, भर दुपारी, मी त्याची उशी सारखी करायला वाकलो तर त्याचा हात माझ्या मानेवर आला. थंडगार बोटं. अंगठा माझ्या कानामागे थांबला.

"इथं हाय काहीतरी."

मी चाचपलं. "काही नाही रे."

"हाय... येऊन राहिलं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

त्याच्या तेरवीच्या दिवशी सकाळी दाढी करताना माझं बोट अडकलं. कानामागे, बरोबर तिथंच. वाटाण्याएवढं. मी मोठमोठ्या गाठी कापणारा माणूस, दाढी अर्धी टाकून ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिलो.

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं ती काढली. आख्खी निघाली, पांढरी, गुळगुळीत. "सर, साधीच आहे," ती म्हणाली. "पाठवायची," मी म्हणालो, आणि उठून बाटलीवरची चिठ्ठी स्वतःच लिहिली. तिनं ती वाचली आणि थबकली.

"सर, हे विनायक कोण?"

नाव मी विनूचं लिहिलं होतं. वयही त्याचंच. गाठीची जागा, खांद्याच्या पात्याखाली. तिनं कोरी चिठ्ठी पुढे केली. मी स्वतःचं नाव लिहायला पेन टेकवलं, आणि तसंच खाली ठेवलं.

"राहू दे," मी म्हणालो. "हीच जाऊ दे."

बाटली त्याच्या नावानं गेली आहे. रिपोर्ट अजून यायचा आहे.