म्हात्रे साहेबांचा फूटपाथवरचा सत्कार

"मॅडम, अडथळा दाखवा."

रस्ते खात्याचे म्हात्रे साहेब फूटपाथच्या मधोमध क्लिपबोर्ड घेऊन उभे होते. रविवारची सकाळ. खारघर अजून पांघरुणात होतं. आमच्या सोसायटीच्या गेटपासून मेट्रो स्टेशनपर्यंतचा सगळा फूटपाथ लख्ख मोकळा. एक कुत्रं तेवढं आडवं झोपलं होतं. साहेबांना बघून तेही अंग झटकून निघून गेलं.

"सर, रोज इथे स्कूटर असतात," मी म्हटलं. "या उताराच्या तोंडाशी, एकाला एक चिकटून."

"आता कुठायत?"

"आता नाहीत."

"ते मला पन दिसतंय."

आमच्या प्रज्ञाने आपल्या व्हीलचेअरच्या चाकांना हात घातला. गेटपासून स्टेशनच्या लिफ्टपर्यंत भुर्रकन गेली आणि तशीच परत आली. कुठे अडकली नाही, कुठे हळू झाली नाही. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. साहेबांनी लिहिलं, 'समक्ष पाहणी केली. अडथळा आढळला नाही.' सही ठोकली आणि म्हणाले, "चांगला हाय की फूटपाथ. उगाच टेन्शन घेता." तक्रार बंद.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

आधी माझं काम सांगते, म्हणजे घोडं कुठे पेंड खात होतं ते कळेल. मी वंदना साळवी, अ‍ॅक्सेसिबिलिटी ऑडिटर. इमारत, रस्ता, स्टेशन, जे काही असेल तिथे व्हीलचेअरवाल्या, काठीवाल्या, दृष्टी नसलेल्या माणसाला एकट्याने जाता येतं का, हे तपासायचं आणि येत नसेल तर काय करायचं ते सांगायचं. आयुष्याचा मोठा भाग टोरंटोत हेच केलं. तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलला रॅम्प हवा म्हणून नगरपालिकेच्या डोक्यावर बसले होते. आता नवऱ्याच्या रिटायरमेंटनंतर आम्ही खारघरला फ्लॅट घेऊन राहतो आणि मी इथल्या लोकांच्या डोक्यावर बसते.

एकटी नाही हं. आमची अख्खी टोळी आहे. मस्कतला तेल कंपनीत सेफ्टी ऑफिसर असलेले देशमुख, लंडनच्या हॉस्पिटलातून परतलेल्या जोशी सिस्टर आणि मी. तिघांनी परदेशात आपापल्या लोकांसाठी भांडून काही ना काही मिळवलेलं, त्यामुळे हाताला सवय. वॉचमन आम्हाला 'फॉरेनवाली कमिटी' म्हणतो. तोंडावर म्हणतो, हे विशेष.

फूटपाथची पाहणी करायची तर रविवारी सकाळी, हे कमिटीने एकमताने ठरवलं. कारण? तिकडे असंच करतात. रविवारी लोक मोकळे असतात, ऊन नसतं, नंतर सगळ्यांनी मिळून कॉफी प्यायची. याला वॉक ऑडिट म्हणतात, म्हणजे चालत जाऊन केलेली तपासणी. तिकडचा खड्डा रविवारीही खड्डाच असतो हो! आमचा अडथळा मात्र चालता फिरता. तो सोमवारी सकाळी येतो आणि शनिवारी रात्री घरी जातो. इतकं शिकलेल्या तीन माणसांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. बरं, साहेबांना सुट्टीच्या दिवशी बोलवायला मी चार वेळा फोन केले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी रविवार मोडला, तो आमच्याच विरुद्ध रिपोर्ट लिहायला.

आणि हा काही नुसता नागरिकशास्त्राचा धडा नव्हता. प्रज्ञा कांबळे आमच्याच बिल्डिंगमधली. आई-वडील मूळचे चिपळूणकडचे, वडील कारकून. पोरीने व्हीलचेअरवरून लॉ पूर्ण केलं आणि बेलापूरला एका वकिलांच्या ऑफिसात नोकरी मिळवली. जॉइनिंग पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी. मेट्रोला लिफ्ट आहे, बेलापूरचं ऑफिस तळमजल्यावर आहे. अडचण फक्त आमच्या गेटपासून स्टेशनपर्यंतची.

"रिक्षा लावू की," तिचे वडील म्हणाले होते.

रिक्षावाले भले असतात. पण रिक्षात बसायचं तर कुणीतरी तिला उचलून आत ठेवावं लागतं. प्रज्ञाने मला स्पष्ट सांगितलं, "मावशी, मी अशिलाशी मान वर करून बोलायचं आणि त्याच सकाळी कुणीतरी मला पोत्यासारखं उचलायचं, हे मला नाही जमणार."

वकील सर म्हणाले होते, येणं जमत नसेल तर घरूनच ड्राफ्टिंग कर. म्हणजे अशील दुसऱ्याकडे आणि प्रज्ञा घरी टायपिंग करत. ते तिला मरणाहून वाईट वाटत होतं. मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

रविवारी दुपारी कमिटी माझ्या हॉलमध्ये तोंडं पाडून बसली. देशमुखांनी मस्कतच्या पद्धतीने कडक निषेधाचा ईमेल पाठवायचं सुचवलं. जोशी सिस्टर म्हणाल्या, फोटो काढून जोडू. मी म्हटलं, फोटो गेल्या वेळी जोडले होते, म्हणून तर साहेब बघायला आले.

प्रज्ञाने खुर्ची पुढे घेतली. एकदम म्हणाली, "त्यांचा सत्कार करू या."

"कुणाचा?"

"म्हात्रे साहेबांचा. शाल, श्रीफळ, लेझीम. शुक्रवारी संध्याकाळी. स्टेशनपासून सोसायटीच्या हॉलपर्यंत वाजत गाजत आणायचं. पुढे यजमान म्हणून मी."

देशमुख म्हणाले, "हे फसवणुकीत येतं." प्रज्ञा म्हणाली, "काका, मी वकील आहे. बॅनरवर खरं तेच लिहू."

आपल्याकडचा माणूस नोटिशीला उत्तर देईल, ईमेलला देईलच असं नाही, पण सत्काराला नाही म्हणणार नाही. मी फोन केला. साहेब आधी लाजले, मग "अहो कशाला, कशाला" म्हणाले, मग किती वाजता यायचं ते विचारलं.

शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनच्या गेटसमोर सोसायटीचं महिला मंडळ नऊवारी नेसून लेझीम घेऊन हजर. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. बॅनर वाचायला थांबले. त्यावर लिहिलं होतं, 'रविवारी सकाळी फूटपाथ मोकळा आढळल्याबद्दल जाहीर सत्कार.' साहेबांची मिशी जरा हलली.

"मॅडम, हा सत्कार हाय का सापला?"

"दोन्ही, साहेब," प्रज्ञाने हसून बुके हातात दिला. "चला, माझ्यामागून या."

लेझीम सुरू झाली. प्रज्ञा पुढे, तिच्यामागे साहेब, त्यांच्यामागे कमिटी आणि मंडळ. चहाच्या टपरीशी पहिला ब्रेक. फूटपाथभर प्लास्टिकची स्टुलं, त्यावर माणसं. प्रज्ञा थांबली, म्हणून साहेब थांबले, म्हणून लेझीम थांबली. टपरीवाल्याने हे लटांबर बघितलं आणि धडाधड स्टुलं उचलली. पुढे फुलवालीच्या बादल्या. तिथे पुन्हा तेच. साहेब अवघडून म्हणाले, "आपन असं करूया, खालच्या रस्त्याने जाऊया."

"छे! पाहुण्यांना कोणी रस्त्यावरून नेतं का?" प्रज्ञा म्हणाली.

आता यजमानाला ओलांडून पाहुणा पुढे कसा जाणार? साहेब उभे राहिले. घाम पुसला. लेझीमवाल्या बायका जागच्या जागी नाचत राहिल्या आणि जाणारे येणारे मोबाइल काढून शूटिंग करायला लागले.

मग आलो आम्ही मुख्य जागेशी. फूटपाथवरून रस्ता ओलांडायचा तर कडेला उतार केलेला असतो, त्यावरून चाकं खाली उतरतात. उताराच्या तोंडाशी गाडी लावली की खेळ खलास, कारण दुसरीकडे कडेची पायरी चांगली वीतभर उंच आहे. आणि तिथे स्कूटर लागल्या होत्या. एकदम व्यवस्थित, ओळीने. त्यातली राखाडी स्कूटर तर बरोब्बर उताराच्या मधोमध. तिच्या मागे स्टिकर, 'सुरक्षा प्रथम'.

मला तर आतून उकळ्या फुटत होत्या. मी म्हटलं, "बघा साहेब! हा अडथळा."

म्हात्रे साहेबांनी स्कूटरवर थाप मारली. "कोनाची ही?"

लेझीम बंद पडली. माझ्या मागून शाल-नारळाचं तबक हातात धरलेले देशमुख घसा खाकरत म्हणाले, "माझी."

"काय?" मी ओरडलेच.

"नारळ राहिला होता हो आणायचा. दोनच मिनिटं लावली..."

कपाळ माझं! पस्तीस जणांच्या वरातीपुढे, मोबाइलच्या कॅमेऱ्यांपुढे आमचाच सेफ्टी ऑफिसर! आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय बोलणार? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

म्हात्रे साहेब आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. "मॅडम," ते म्हणाले, "तो नारल यांनाच द्या."

त्यावर प्रज्ञा हसली, बायका हसल्या, चहाच्या टपरीवरचे हसले. शेवटी देशमुखही हसले आणि स्कूटर ढकलत बाजूला घेऊन गेले. हसण्याने जे झालं ते तीन ईमेलनी झालं नव्हतं. साहेब तिथेच फूटपाथच्या कडेला टेकले आणि प्रज्ञाकडे वळले.

"पोरी, रोज असंच?"

"रविवार सोडून."

"आमच्या जासई गावात कंटेनरचे ट्रेलर आडवे लागतात. माझी आई बाजारला जायची तर शेताच्या बांधावरून फिरून जाते. मला वाटायचं, या टॉवरवाल्यांना कसली कमी हाय? उगाच तक्रारी करतात." मग उठून कपडे झटकले. "नवीन पाहनी लिवतो. वेल, संध्याकालची. पट्टे मी मारून देतो. पन गाड्या तुमी काढायच्या. तुमच्यातल्याच हायत त्या."

खरं होतं. स्कूटर काही आकाशातून पडत नव्हत्या. निम्म्या आमच्याच सोसायटीच्या आणि शेजारच्या होत्या, मेट्रोने जाणाऱ्यांच्या. आम्ही आपले साहेबांच्या ऑफिसशी भांडायला निघालो होतो.

इथे माझं शिक्षण उपयोगी पडलं, एवढं तरी म्हणू द्या. नुसतं 'इथे लावू नका' म्हटलं की गाडी चार फुटांवर दुसऱ्या कोणाच्या वाटेत उभी राहते. तिला आधी जागा द्यावी लागते. उतारापासून थोडं पुढे रस्त्याच्या कडेला एक मोडकी मोटार धूळ खात पडली होती. ती हलवली तर दुचाकींची रांग आरामात बसत होती. हॉलच्या दारातल्या रांगोळीचा डबा मागवला आणि साहेबांसमोर रस्त्यावरच खऱ्या मापाचा नकाशा काढला. इथे पिवळ्या तिरक्या रेघा, म्हणजे थांबायचं नाही. इथे पांढरे चौकोन, म्हणजे गाडी इथे. साहेब स्वतः टेप धरायला वाकले.

हॉलमध्ये त्यांनी पेढा घेतला, शाल घेतली नाही. "काम झाल्यावर," म्हणाले.

मोडकी मोटार गेली. रंग मात्र येईना. मी रोज फोन करायची. "मॅडम, रंगाची गाडी उरनला गेलीय," "मॅडम, मानसं नाहीत." जॉइनिंग जवळ आलं. प्रज्ञाच्या वडिलांनी गुपचूप एका रिक्षावाल्याशी बोलून ठेवलं. ते प्रज्ञाला कळलं आणि ती चांगलीच भडकली. मी रोज फूटपाथवर येऊन रांगोळीची पुसट रेघ बघून परत जायची.

जॉइनिंगच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, वॉचमनने बेल वाजवली. "मॅडम, पिवळा रंग आला!"

मी गाऊनवर ओढणी टाकून खाली धावले. म्हात्रे साहेब मजुरांच्या बाजूला उभे. "रविवारी फूटपाथ मोकला असतो ना," ते म्हणाले. "रंगवायला बरा." मला हसावं की रडावं कळेना. तिथल्या तिथे त्यांना शाल घातली. टी-शर्टवर घेतली त्यांनी.

देशमुखांनी शिक्षा म्हणून स्वतःहून ड्युटी घेतली. मस्कतचं चमकणारं जॅकेट, गळ्यात शिट्टी, सकाळ-संध्याकाळ उताराशी उभे. कोणी म्हटलं, "अंकल, दोनच मिनिटं," की ते म्हणतात, "ही दोन मिनिटं कशी असतात ते मला विचार."

सोमवारी सकाळी प्रज्ञा गेटशी आली. पांढरा कुडता, काळं जाकीट, मांडीवर बॅग. आई-वडील, कमिटी, वॉचमन, सगळे जमलेलो. मी टेप आणि वही घेऊन तयार.

"मावशी, तुम्ही कुठे निघालात?"

"मागून येते की. बघायला नको, कुठे अडतंय का?"

"नको. कोणी येऊ नका," ती म्हणाली. "तुमचं ऑडिट संपलं. मी आता कामाला चाललेय."

गेली. सरळ गेली. उताराशी पोचते न पोचते तोच एक जण मोटारसायकल घेऊन बरोब्बर पिवळ्या रेघांवर येऊन थांबला. देशमुखांनी शिट्टी तोंडात घातली. प्रज्ञाने मागे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. देशमुखांनी शिट्टी काढली. ती त्या माणसाशी काहीतरी बोलली. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्याने मान डोलावली, गाडी पांढऱ्या चौकोनात नेऊन लावली आणि प्रज्ञा उतरून, रस्ता ओलांडून, टपरीवाल्याने आणि फुलवालीने मोकळ्या ठेवलेल्या वाटेवरून स्टेशनात शिरली. तिच्या वडिलांनी चष्मा काढून पुसला. मी तर सरळ रडले.

दुपारी फोन आला. "मावशी, आमच्या सरांना पण त्यांच्या गल्लीतला फूटपाथ करून हवाय. कोण करतं म्हणून विचारत होते."

"माझा नंबर दिलास का?"

"नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, मी बघते."

तेव्हा ऑडिट करणाऱ्या सगळ्यांना दोनच गोष्टी सांगते. त्रास ज्या वेळी होतो त्या वेळी तपासायला जा. आणि जाताना आपली स्कूटर घरी ठेवा.