स्वप्नांना दरडावणारी मावशी

त्या कोरड्या वर्षांत आमच्या गल्लीत पडणारी वाईट स्वप्नं माझ्या घरमालकिणीला वचकून असत. पारनेरहून दिवसातून दोनदा एस.टी. यायची अशा एका गावी मी शिक्षिका म्हणून रुजू झाले होते आणि तिच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते. गाव तिला मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. साठी उलटलेली, तोंडात एकही दात नाही, अंगानं चांगली ऐसपैस, आणि आवाज असा की तिनं हाक मारली की पलीकडच्या आळीतली शेळीसुद्धा चरायची थांबे. सकाळी पाण्याला निघालेल्या बायका तिच्या ओट्याशी थबकायच्या आणि आपापलं स्वप्न सांगायच्या. एकदाच पडलेलं स्वप्न ती ऐकूनच घेत नसे. "परत पडलं तर ये," म्हणायची. पण तेच ते स्वप्न सारखं छळायला लागलं, की मात्र मावशी मिश्रीचं बोट तोंडातून काढून सरसावून बसे.

तिनं लावलेले अर्थ गावातल्या कुणाही शहाण्यासुरत्याशी जुळत नसत. सारखा साप दिसतो म्हणणारीला तिनं विचारलं, "चावला का? न्हाई ना? मंग त्यो त्याच्या कामाला चालला हुता, तू कशाला मधी पडतीस?" रेडा दिसतो, म्हणजे यमाचं वाहनच आलं, म्हणून एक म्हातारा हातपाय गाळून बसला होता. त्याला म्हणाली, "वर कुनी बसलं हुतं का? न्हाई? मंग मोकाट रेडा हाय, हाकलून द्यायचा." आणि स्वप्नात दात पडले की घरातलं माणूस जातं, असं कुणी म्हटलं की ती आपलं बोळकं उघडून दाखवी. "माजे तर जागेपनी समदे पडले. मोजा बरं, किती मेले ते!" मलाही तेव्हा एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. मी फळ्यावर लिहायला जायची, अक्षर काही उमटायचं नाही, आणि मागं बसून तपासणीचे साहेब हसत असायचे. मावशीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग तू काय म्हनलीस त्यास्नी?" काही नाही, मी म्हटलं. "आता म्हनायचं. साहेब, या, तुमीच लिहून दावा." मी स्वप्नात तसं म्हणाले की नाही आठवत नाही, पण साहेब यायचे बंद झाले खरे.

गावच्या देवऋष्याला अर्थातच ही बाई डोळ्यांपुढं नको असे. त्या दोघांची खरी गाठ पडली ती शकूमुळं. शकू समोरच्या घरातली सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रोज पहाटे विहिरीत पडल्याचं स्वप्न पडून ती किंचाळत उठायची. देवऋष्यानं सांगितलं, हिला विहिरीतल्या आसरांनी धरलंय, त्या हिला पाण्यात ओढणार आणि घरादाराला भोवणार. सासू हादरली. तिनं शकूला माहेरी धाडायचं ठरवलं. आणि अशी धाडलेली पोर परत आणतातच असं नाही, हे शकूला पुरतं ठाऊक होतं. गाठोडं बांधून, दुपारच्या एस.टी.ची वाट पाहत ती उंबऱ्याशी बसली होती, तेव्हा मावशी तरातरा तिकडं गेली. मागोमाग मी.

"पडताना पाय कंचा सुटतो गं?"

"डावा."

"कितव्या पायट्यावरनं?"

शकूनं बोटांवर मोजलं. "सातव्या."

मावशी सासूकडं वळली. "आसरांना पायटं मोजाया कुनी शिकवलं?"

पाणी तळाला गेल्यापासून विहिरीच्या भिंतीतून पुढं आलेल्या दगडी पायट्यांवर पाय ठेवत बायकांना खाली उतरावं लागे, आणि त्या घरातनं रोज शकूच उतरायची. मावशीनं काष्टा आवळला आणि सरळ विहिरीकडं चालू लागली. गल्ली तिच्यामागं. देवऋषीही धावत आला. "मावशे, कोप हुईल!" "हू दे," असं म्हणून ती उतरायला लागली. मी वर वाकून मोजत होते. सातव्या पायट्यावर तिनं डावा पाय टेकला, दगड हलला, सुटला आणि खाली जाऊन चिखलात रुतला. मावशी दोन्ही हातांनी वरचा पायटा धरून लोंबकळत राहिली. बायकांनी हंबरडा फोडला, आणि त्या हंबरड्याच्या वर तिचा आवाज आला, "देवऋष्याला सांगा, आसरा घावली! दगडाची हाय, तिला सिमिट पायजे!"

मोटेचा नाडा सोडून चार गड्यांनी तिला वर ओढलं. कोपरं सोलवटली होती, श्वास लागला होता, पण ती बसली नाही. शकू रडत म्हणाली, "म्या सांगितलं हुतं घरात, दगड हालतोय म्हनून. कामाचा कंटाळा म्हनाले." सासूनं मान खाली घातली. एस.टी. शकूला न घेताच गेली. आठवडाभरात गवंडी आला, पायटा पक्का बसला, आणि स्वप्न आणखी दोनतीनदा पडून विरून गेलं.

पुढं माझी बदली झाली. निघायच्या दिवशी मावशी माझी वळकटी बांधत होती. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला कोणतं स्वप्न पडतं?" ती म्हणाली, "मला पडतच न्हाई." मग दोरीची गाठ घट्ट करत राहिली. "लोकांची गेलेली मानसं सपनात येऊन त्यांना छळत्यात. आमचे मालक जाऊन वीस वर्सं झाली. एकदाबी आले न्हाईत. न्हाई आले तर न्हाई आले, म्या काय बोलवाया बसले न्हाई."

एस.टी. सुटायच्या बेतात असताना मात्र ती खिडकीशी आली. "मास्तरीनबाई, उंच मानूस, उजव्या कानात भिकबाळी, चालताना जरा झुकतो. चुकून तुज्याकडं आला तर पाया पडू नको. आदी विचार, इतकी वर्सं कुठं हुता म्हनून. आन मंग घराची वाट दाव."

मी हो म्हटलं. मावशी जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. तो काही अजून आलेला नाही.