साबणकाकांनी धुतलेले चेहरे

फोटो स्टुडिओत तीस वर्षं साबणकाकांनी एकच काम केलं, लोकांचे चेहरे धुतले. सुरकुत्या, मुरूम, जुने व्रण, जे म्हणाल ते फोटोतून पुसून द्यायचे. नाव तिथूनच चिकटलं आणि काका ते मिरवायचेही. स्टुडिओत त्यांचा शब्द कधी खाली पडला नाही.

मग बायकोने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कसलंसं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि फोटोंची कार्टून करायला लागली. ठळक काळ्या रेषा, सपाट रंग, झालं चित्र. शेजारीण आली, शेजारणीची नणंद आली, आणि एक दिवस खुद्द स्टुडिओच्या मालकाने काकांना विचारलं, "वहिनींना वेळ असेल का हो?" काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला माऊस धरायला आपण शिकवलं, तिच्याकडे आता लोक रांग लावणार? सरळ सांगायचं तर काका जळत होते. स्वतःच्या बायकोवर जळणारा माणूस केविलवाणा दिसतो, पण हे त्यांना सांगणार कोण?

त्यात लेकीचा फोन आला. परगावची नोकरी, नवी खोली. "बाबा, तुम्हा दोघांचं कार्टून हवंय भिंतीवर लावायला. आईलाच करू दे हं." हे मात्र जिव्हारी लागलं. लेकीच्या भिंतीवर आपल्याच हातचं चित्र लागणार, काकांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बाजारात गेली आणि काका तिच्या खुर्चीत बसले. दोघांचा फोटो उघडला, आणि सवयीने आधी तो धुतला. धुतल्याशिवाय फोटो पुढे पाठवायचा नाही, ही आयुष्यभराची शिस्त. मग कार्टूनचं बटण दाबलं. सॉफ्टवेअर बिचारं चेहऱ्यावर रेषा शोधत बसलं. काकांनी एकही शिल्लक ठेवली नव्हती. बाहेर आली ती डोळे असलेली दोन सोललेली अंडी. काकांना ती भलतीच नीटनेटकी वाटली. बायको यायच्या आत त्यांनी चित्र पाठवूनही दिलं.

लेकीचं उत्तर आलं, "बाबा, हे दोघं कोण?"

बायको दारात दिसताच काका करवादले, "फुकटातलं सॉफ्टवेअर तुझं, दुसरं काय होणार!"

पिशवी खाली ठेवून तिने चित्र पाहिलं. ती हसली नाही, हे काकांना जास्तच झोंबलं. मूळ फोटो उघडून तिने बटण दाबलं. काकांच्या कपाळावरच्या आठ्या उमटल्या, तिच्या हनुवटीवरचा तीळ उमटला.

"असल्याच खुणा धरून ते रेषा काढतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळं पुसलंत. माझा तीळसुद्धा. नेहमीच पुसता. मला वाटायचं, तुम्हाला तो आवडत नाही."

"अगं, हाताची सवय ती..."

"तीस वर्षं?"

पिशवी उचलून ती आत गेली. काका उठले आणि भिंतीवरचे फोटो बघत निघाले. लग्नातला, बारशातला, लेक कॉलेजात गेली तेव्हाचा. सगळे त्यांनीच धुतलेले. एकाही फोटोत तीळ नव्हता.