हाताला लागेल तो खड्डा

शालिकरामनं चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या पाइपलाइनी रंगवल्या. रिटायर झाला तो माणूस. हात काही रिटायर झाले नाहीत. सेक्टर सहामधल्या क्वार्टरचं फाटक रंगवून झालं, कूलर झाला, तुळशीचा ओटा तर तीनदा झाला. मग स्वारीची नजर गेली मारुती गाडीवर, आणि बायकोनं, नलूनं, कपाळावर हात मारून घेतला.

गाडी पंधरा वर्षांची. दुर्गच्या आरटीओत तपासणी होऊन पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. लेक भूमिका शाळेत शिकवायची, चांगली गाडीही चालवायची. ती म्हणे, "बाबा, देऊन टाका ना आता." पण तो ऐकेल तर शपथ! गुडघ्यांपायी नलूला बस चढवत नव्हती. तिला तुमसरला माहेरी न्यायचं, दवाखान्यात न्यायचं, सारं याच गाडीतून. अन् स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. गाडी गेली म्हणजे आपणही खाटेवर बसलो, असंच त्याच्या मनानं घेतलं होतं. नलूला ते कळत होतं, म्हणून ती गाडीच्या बाजूनं होती.

"बॉडी तर सगळेच चमकवतात," तो म्हणाला. "बोनेट उघडल्यावर साहेबाचे डोळे फाटले पायजेन. इंजिनची जागा मी घरीच रंगवतो."

"कावून जी?" नलू म्हणाली. "सुपेल्याले बाबुलाल बसला आहे ना दुकान टाकून!"

"बाबुलाल गाडी रंगवते. मी लोखंड रंगवतो."

आता बोला! हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगाच नाही. बाबुलालकडूनच कॉम्प्रेसर अन् स्प्रे गन मागून आणली. बॅटरी काढली. डिझेलनं वर्षानुवर्षांचं चिकट तेल धुतलं. वायरींवर पेपर चिकटवले, इंजिनावर प्लास्टिक टाकलं, अन् उरल्या जागी नलूची एक चांगली धड साडी पांघरली. तिनं दोन दिवस अबोला धरला, तो त्याच्या लक्षातही आला नाही.

रेजमालच्या खरखरीत कागदानं घासून पत्रा मोकळा झाल्यावर त्यानं प्लांटमधली रीत धरली. डोळे मिटायचे अन् बोटं फिरवायची. त्यांचे फोरमन शामराव म्हणत, डोळा फसवते, बोट फसवत नाही. हाताला लागेल तो खड्डा, अन् राहिला खड्डा तर तिथंच गंज. शालिकरामनं एकही खड्डा ठेवला नाही. पुट्टी भरली, घासून सपाट केली, वर प्राइमर, वर आकाशी रंगाचे दोन हात. खोटं कशाला बोला, झालंही तसंच सुंदर. नव्या डब्यासारखं आतून लखलखत होतं. नलूचा अबोला तिथंच सुटला.

संध्याकाळी भूमिका शाळेतून आली. तिनं तोंडभर कौतुक केलं, मग गाडीचं आरसी बुक काढून आत वाकली.

"बाबा, चेसिस नंबर कुठंय?"

"तिथंच असन. मागच्या पत्र्यावर."

"इथं तर काहीच नाही. परवा साहेब त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेईन, तेव्हा?" तिनं पत्र्यावरून हात फिरवला. "इथं खड्डे होते का हो, लाइनीनं?"

"होते ना! सतरा. बारीक बारीक, एका लाइनीत. मी म्हटलं, गंज तरी कसा शिस्तीत लागला!"

नलूला हसू आवरेना. पण भूमिका हसत नव्हती, अन् मग नलूच्याही तोंडचं पाणी पळालं. लोखंडी टोकानं खरवडावं तर ओरखडा उठणार. ओरखडा दिसला की साहेब म्हणणार, नंबर खोडला, गाडीच जप्त. करायला गेले एक अन् झालं भलतंच!

दुसऱ्या दिवशी रविवार. लख्ख उन्हात तिघं बोनेटपाशी बसली. थिनरचा बोळा लावून पुट्टी मऊ करायची अन् बांबूच्या काडीनं एकेक अक्षर मोकळं करायचं. भूमिका वाचून सांगत होती, शालिकराम कोरत होता, नलू थिनरची वाटी धरून होती. पाहते तर काय, काडी अक्षरात नाहीच. दोन बोटं बाजूला, नव्या रंगात फिरून राहिली.

"नीट पाहा ना" हे तिच्या ओठांवर आलं अन् तिथंच थांबलं. गेले कित्येक दिवस हा माणूस पेपरचे मोठे मथळे तेवढे वाचून म्हणत होता, "आजकाल बातम्यात काही दम नाही." तिनं थिनरची वाटी खाली ठेवली.

"सरका तिकडं," ती म्हणाली. "तांदळातले खडे मी निवडतो अन् हे तुमी करता का?"

तो सरकला. एका शब्दानं भांडला नाही. नलूला खरी भीती वाटली ती तेव्हा.

सोमवारी आरटीओत साहेबानं बोनेट उघडलं. "चाचा, शोरूम की गाड़ी बना दी!" म्हणाला. छाप घेतला, एकूण एक अक्षर उमटलं. मग कागद अन् आरसी बुक शालिकरामपुढं धरलं. "मिला लीजिए, फिर साइन."

शालिकरामनं कागदावर बोट ठेवलं अन् हळूच सरकवलं. कागद सपाट होता. नलूचा जीव टांगणीला लागला. त्यानं कागद भूमिकाच्या हातात दिला. "तू वाच, बेटा."

तिनं सतराही अक्षरं वाचली. जुळली. गाडी पाच वर्षांसाठी पास झाली.

बाहेर येऊन त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. उभा राहिला. मग चावी लेकीपुढं केली. "तू चालव. मले दिसून नाई राहिलं. सहा महिने झाले."

सहा महिने! अन् मले बसवून तुमसरले नेऊन आणलं या माणसानं! नलूला चांगलं झापावंसं वाटलं. पण तो मुकाट्यानं डावीकडं जाऊन बसला, अन् तीही मागचं दार उघडून आत शिरली. तेवढं एक कबूल करायला त्याला काय पडलं असेल, ते तिच्याशिवाय कोणाला कळणार?

सुपेल्याच्या चौकात ही गर्दी. एक ट्रक आडवा आला, भूमिकानं गाडी थांबवली. मागून नलूनं पाहिलं, शालिकरामचा उजवा पाय ताणलेला, खालचा पत्रा दाबून धरलेला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अवो, कायले दाबून राहिले? ब्रेक तिच्याकडं आहे."

"माहीत आहे मले," तो म्हणाला. तरी घर येईपर्यंत त्यानं पाय काही उचलला नाही, अन् तिनं हात.