सरकीचा कापूस

एकसष्ट साली अमरावतीच्या दवाखान्यातली गोरी डॉक्टरीणबाई कायमची मायदेशी निघाली. तिची मोटारही बोटीने जायची होती, म्हणून कपबशा, आरसे, पोरांची खेळणी असं नाजूक सामान मोटारीतच भरायचं ठरलं. बाईची दोन्ही पोरं आया केशरबाईच्या मांडीवर वाढलेली. आपलंही काहीतरी पोरांसोबत जावं, एवढंच तिच्या मनात होतं. लेकीच्या गादीसाठी वेचून ठेवलेला कापूस तिने आणला आणि दिवसभर एकेक बशी त्यात निगुतीने बसवली.

संध्याकाळी मुंबईहून आलेल्या पॅकिंगवाल्याने मोटारीचं दार उघडून पाहिलं.

"आजी, यात सरकी आहे. बी असलेला कापूस तिकडे उतरू देत नाहीत. काढा सगळा."

"सरकी निवडून काढतो ना मी," केशरबाई म्हणाली.

"सकाळी मोटार रेल्वेच्या वॅगनमध्ये चढवायची आहे."

"एवढी मोठी बोट, अन् सरकीले भेते काहून?"

तो हसला, पण ऐकलं नाही. केशरबाईने पुन्हा एकेक बशी बाहेर काढली आणि बाईने दिलेल्या जुन्या पडद्यांत गुंडाळली. कंबर धरली होती. निघताना तिने मोटारीपुढे हात जोडले, पोरं सुखरूप पोहोचू दे म्हणाली आणि कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं.

घरी लेक खूश झाली. "बरं झालं माय, आता गादी होईन."

"होईन," भिंतीला टेकत केशरबाई म्हणाली. "पण सरकी उद्या काढजो. आज मले त्या कापसाकडे पाहवत नाही."