मिस्त्रींच्या कबरीवर मशीनचं तेल

मंडळी, आज सकाळी आमच्या बंद जिनिंग मिलमागं एकटाच जाऊन आलो. कापसातून सरकी काढायचं नवं यंत्र बनवणाऱ्या मिस्त्रींची कबर तिथं हाय, निजामाच्या काळातली.

आमा फिटर लोकांचा रिवाज होता. हंगामाआधी मशीनच्या तेलाचा पहिला थेंब कबरीवर सोडायचा, मगच पट्टा चढवायचा. आता सोबती कोणी पुण्याला लेकाकडं, कोणी कायमचे गेले. मी अजून तेलाची कुपी घेऊन जातो.

आज तिथं एक बाई फुलं वाहायली होती. म्हणली, "मामा, हे कोणते पीर हायत?"

"पीर न्हाईत, बाई. मशीन बनवणारे मिस्त्री होते."

तिनं पदर सावरून कबरीपुढं हात जोडले. "मग माझी शिलाई मशीन चालू करा, बाबा. लय दिवस अडकून बसलीय."

मी तिच्या घरी गेलो, मशीनला तेल घातलं, चाक मोकळं केलं. मशीन चालली तशी ती कबरीच्या दिशेला वळून पाया पडली. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

कुपी तिच्याकडंच ठेवून आलो. येताना हात लय रिकामा वाटायला होता.

पुढच्या हंगामाला तुमच्यापैकी कोणी येता का तिथं? तेल तिच्याकडं हाय.