आधी हिच्यावर

"आधी हिच्यावर बघू. हिला सोसलं, तर मग वकिलीणबाईंना देऊ."

डॉक्टर माझ्या उघड्या पाठीमागे उभा राहून हे बोलला. मी टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. पोटात मूल आडवं. दोन दिवस कळा सोसल्या, सुईणीने हात टेकले, तेव्हा नवऱ्याने मिठागरावरून बैलगाडीत घालून ठाण्याच्या दवाखान्यात आणलं. पोट चिरायचं ठरलं. 'ही' म्हणजे मी, हे कळायला मला जरा वेळ लागला.

अंग बधिर करणारी नवी सुई मणक्यात गेली. कंबरेखालचं अंग माझं राहिलं नाही. क्लोरोफॉर्म दिला की बाई झोपते, पण या सुईने मी टक्क जागी होते. हे तो विसरला, की त्याला फिकीरच नव्हती, मला आजही ठरवता येत नाही. नर्सला म्हणाला, "ह्या बायका जनावरासारख्या काटक. आणि मेलीच, तर विचारायला कोण येणार?"

मला उताणी पाडलं. थोड्याच वेळात डोळ्यांपुढे काळोख. श्वास पुरेना. आमच्यात दिवस भरलेल्या बाईला कुणी उताणी निजू देत नाही. सासू दहादा उठवून कुशीवर करायची. मी तेच मागितलं.

"मना कुशीवर करा. जीव चाललाय."

"गप पड. मिठागरातली बाई मला शिकवणार?"

मी गप्प पडले नाही. पुन्हा बोलले. पुन्हा. शेवटी म्हाताऱ्या नर्सने माझी नाडी धरली आणि त्याला न विचारता माझ्या उजव्या कुल्ल्याखाली चादरीची घडी सारली. काळोख विरला. मग मूल रडलं. मुलगी झाली होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर वकिलीणबाईंना घेऊन माझ्या खाटेशी आला. बाई भरल्या दिवसांची, घाबरलेली. तो गोड आवाजात समजावत होता, सुईने मुलाला गुंगी येत नाही, आईला धोका नाही, तुमची तयारी असेल तरच देऊ. मग माझ्याकडे बोट केलं. "हिला काही कळलंसुद्धा नाही. सांग गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला विचारत होता. तिची तयारी बघत होता.

"सगला कलला," मी म्हणाले. "आधी हिच्यावर बघू, तेबी कलला."

बाईंना मी सगळं सांगितलं. सुई वाईट नाही, माझी पोर तिच्यामुळेच जगली. पण उताणी टाकू देऊ नका. आणि नाडीवर सारखा कुणाचा तरी हात असू द्या.

डॉक्टर लालबुंद झाला. उपकार विसरलीस, म्हणाला.

"कसला उपकार? मना कुनी इचारला नव्हता."

जखम ओली असतानाच मला घरी धाडलं. पोर आता चालते. मिठागरातली कुठलीही बाई त्या दवाखान्यात गेली, की मी सोबत जाते आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारात उभी राहते. डॉक्टरला सांगते, आधी तिच्या तोंडाकडे बघून तिला विचारायचं, मग सुई उचलायची. मला हाकलायला त्याने दोनदा शिपाई बोलावला. मी दार सोडलं नाही. सोडणारही नाही.